कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांचं पोस्टाचं तिकीट (वीसचं शीट)

सातारच्या जिल्हा न्यायालयात मी सव्वीस वर्षं लघुलेखक होते. त्यामुळे लेकीकडे अमेरिकेत एडिसनला गेले असताना पोस्टात न्यायाधीश बाईंचं तिकीट दिसलं, आणि मग दुसरी तिकिटं बघितलीच नाहीत. कृष्णवर्णीयांच्या वारशावर तिथलं टपाल खातं दरवर्षी तिकीट काढतं, त्यातलं हे ४७वं. ३१ जानेवारी २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये निघालं. तेव्हाचा दर ६८ सेंट, म्हणजे शीट १३ डॉलर ६० सेंटला पडलं.

चित्र चार्ली पाल्मर यांनी रंगवलेलं आहे. नुसता फोटो छापून मोकळे झाले नाहीत, हे मला फार आवडलं. मागून चिकटच असतं, डिंक लागत नाही. शिवाय हे ‘फॉरेव्हर’ तिकीट. जुलैत दर ७३ सेंट झाला तरी जुनीच तिकिटं चालली. भारतात पत्र पाठवायला मात्र तीन लागतात.

माझ्या कोर्टातल्या मैत्रिणींना मी पत्रं लिहिली, आणि प्रत्येकीला या बाई कोण ते सांगितलं. जन्म १९२१, न्यू हेवन. आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले, बारा भावंडांत या नवव्या. वकील म्हणून तिथल्या सुप्रीम कोर्टात दहा खटले चालवले, नऊ जिंकले. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला १९६२ मध्ये तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळाला तो यांच्या वकिलीमुळे. कौतुक होतं ते बहुधा इथवरचंच.

पण १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना मॅनहॅटनच्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टावर नेमलं. त्या पदावरची ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. मिसिसिपीचे सिनेटर ईस्टलंड यांनी नेमणूक काही महिने अडवून धरली, ती ऑगस्टअखेर मंजूर झाली. हे साक्षीपुराव्याचं कोर्ट. आमच्याकडे साहेबांची तीन वर्षं झाली की बदली येते. तिथे नेमणूक तहहयात, आणि बाई २००५ मध्ये वारल्या तोवर त्याच कोर्टाच्या न्यायाधीश होत्या. एकोणचाळीस वर्षं! या वर्षांबद्दल कुणी फारसं बोलत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

१९७० चा एक निकाल बघा. मार्टिन सॉस्त्रे नावाच्या कैद्याला ३७२ दिवस एकांतकोठडीत डांबलं होतं. बाईंनी ती शिक्षा अमानुष ठरवली आणि भरपाईचा हिशेब दिवसावर मांडला: रोजचे २५ डॉलर नुकसानीचे, १० दंडाचे. एकूण १३,०२०. वरच्या कोर्टानं निकालाचा बराच भाग फिरवला, तरी मला तो हिशेब विसरता येत नाही. कैद्याच्या एकेका दिवसाची किंमत रोजनाम्यावर आली. सव्वीस वर्षांत मी असं डिक्टेशन घेतलं नाही.

१९७५ मध्ये एका वकील स्त्रीनं बड्या वकिली फर्मवर स्त्री म्हणून डावलल्याचा दावा लावला. फर्मचं म्हणणं, न्यायाधीश स्वतः कृष्णवर्णीय आणि स्त्री आहेत, त्यांनी हे प्रकरण चालवू नये. बाईंनी ठाम नकार दिला. वंश आणि लिंग प्रत्येकच न्यायाधीशाला असतं, मग हा दावा चालवणार तरी कोण? हे वाचताना मला आमच्या मॅडम आठवल्या. डायसवर बाई बघून पक्षकार मागच्या बाकावर कुजबुजायचे, ते मला खाली टेबलाशी ऐकू यायचं.

आणि १९७८ चा यँकी स्टेडियमचा, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या बेसबॉलच्या मैदानाचा खटला. एका महिला क्रीडा पत्रकाराला खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत मज्जाव होता, पुरुष पत्रकार आत जाऊन मुलाखती घेत. कारण काय, तर खेळाडूंची लाज. बाई म्हणाल्या, पडदा लावा, टॉवेल गुंडाळा. स्टेडियम न्यूयॉर्क शहराच्या मालकीचं, म्हणून राज्यघटनेतली समानता तिथे लागू, हा धागा त्यांनी पकडला. खालच्या कोर्टात बसणाऱ्यालाच असा व्यवहारी तोडगा सुचतो.

पत्रं जपणाऱ्या, हातानं पत्ता लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे शीट जरूर घ्यावं. माझ्या वीसातल्या अठरा तिकिटांत सातारला सहा पत्रं गेली. उरलेली दोन भारताला पुरत नाहीत. त्यातलं एक लावून नातीला तिच्या कॉलेजच्या पत्त्यावर पत्र टाकलं. ती कायद्याला जायचं म्हणते आहे. शेवटचं माझ्या शॉर्टहँडच्या जुन्या वहीत ठेवलं आहे, सुटं, न चिकटवता.