दुर्मीळ नावाची पारख: कोलोन विद्यापीठाचे ऑनलाइन संस्कृत कोश कितपत कामाचे?

मुलीसाठी जुनं, पण फारसं कुणाचं नसलेलं नाव शोधायला बसलं की नावांची संकेतस्थळं धडाधड उघडतात. त्यांवर 'लोपामुद्रा' शोधलं तर अर्थ म्हणून कुठे 'विदुषी' असतं, कुठे 'अगस्त्य ऋषींची पत्नी', आणि सोबत रास, शुभांक, शुभ रंग. रास बरोबर असते, कारण 'लो' हे भरणीचं चौथं चरण, म्हणजे मेष. पण 'अगस्त्यांची पत्नी' हा नावाचा अर्थ नव्हे, ती त्या बाईची ओळख झाली. आणि 'विदुषी' कुठून आलं, याचा आधार कुणीच देत नाही.

असा आधार हवा असेल तर जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाने चालवलेला डिजिटल संस्कृत कोशांचा संग्रह वापरावा. फुकट आहे, नोंदणी नाही, जाहिराती नाहीत. दिसायला अगदी साधा, जुन्या वळणाचा. संस्कृत-इंग्रजी, संस्कृत-जर्मन आणि संस्कृत-संस्कृत असे मोठे कोश आणि विशेषनामांच्या सूची तिथे एकत्र मिळतात. दुर्मीळ नावाच्या उगमासाठी यापेक्षा भरवशाचं ठिकाण घरबसल्या दुसरं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त तो वापरायची एक रीत आहे. ती चुकली की पान कोरं येतं, आणि माणूस 'नावच नाही' असं समजून निघून जातो.

पहिली ठेच टंकलेखनात लागते. शोधाच्या चौकटीशेजारी 'इनपुट' कोणत्या लिपीत ते निवडायचं असतं. तिथे देवनागरी निवडा आणि देवनागरीतच लिहा. रोमन पद्धतीत लिहायचंच असेल तर 'एसएलपी१' आणि 'हार्वर्ड-क्योटो' यांत गल्लत करू नका. पहिल्या पद्धतीत 'श'ला कॅपिटल एस आणि 'ष'ला स्मॉल झेड, तर दुसऱ्या पद्धतीत नेमकं उलटं. 'शर्मिष्ठा' या एका नावात श आणि ष दोन्ही आहेत, त्यामुळे पद्धत चुकली की ती हमखास हरवते. 'लोपामुद्रा'साठी दोन्ही पद्धतींत स्पेलिंग एकच, पण 'पा' आणि 'द्रा' इथला ए कॅपिटल हवा. दीर्घ आकार ऱ्हस्व झाला तर शब्दच बदलतो. 'घोष' म्हणजे आवाज किंवा गलका. 'घोषा' ही कक्षीवानाची मुलगी, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ३९ आणि ४० या सूक्तांची ऋषिका. एका कान्याचा फरक. स्पेलिंगची खात्री नसेल तर 'सिंपल सर्च' नावाचा वेगळा शोध आहे, तो जवळपासची रूपंही दाखवतो. सुरुवात तिथून करावी आणि नेमकं रूप हाती आलं की मूळ कोशात जावं.

पहिला कोश उघडायचा तो मोनियर-विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश, १८९९ च्या आवृत्तीचा. नोंद वाचताना चार खुणा ओळखता आल्या की काम भागतं. 'एफ' म्हणजे स्त्रीलिंग. ही खूण नसेल तर तो शब्द मुलीचं नाव म्हणून घेताना दोनदा विचार करावा. 'एन ऑफ' म्हणजे विशेषनाम. 'आरव्ही', 'एमबीएच' हे ऋग्वेद, महाभारत अशा ग्रंथांचे संक्षेप. आणि चौथी, सगळ्यांत महत्त्वाची खूण म्हणजे एकटं 'एल'. शब्द किंवा अर्थ जुन्या कोशकारांनी नोंदवलाय, पण प्रत्यक्ष ग्रंथात वापरलेला आढळला नाही, असा त्याचा अर्थ. दुर्मीळ नावांच्या याद्यांतले बरेच 'सुंदर अर्थ' या एल-वाल्या ओळीतले असतात. नाव ठेवायला त्याने काही बिघडत नाही, पण 'वेदात आलेलं नाव' असं त्याबद्दल सांगत सुटू नये.

लोपामुद्रेच्या नोंदीत ऋग्वेदाचा आधार आहे, आणि तो भक्कम आहे. पहिल्या मंडलातलं १७९ वं सूक्त, सहा ऋचांचं. अनुक्रमणीप्रमाणे (कोणतं सूक्त कोणाचं ते सांगणारी जुनी सूची) पहिल्या दोन ऋचा तिच्या, पुढच्या दोन अगस्त्यांच्या, शेवटच्या दोन शिष्याच्या तोंडच्या. चौथ्या ऋचेत 'लोपामुद्रा' हा शब्द जसाच्या तसा येतो. मोठ्या तपश्चर्येत आयुष्य झिजवणाऱ्या नवऱ्याला संसाराची आठवण करून देणारी, रोखठोक बोलणारी बाई तिथे दिसते. कोशाच्या दोन ओळींत हे उतरत नाही, म्हणून संदर्भ मिळाला की मूळ सूक्ताचं भाषांतर जरूर वाचावं.

मोनियरवर थांबू नये, हा या संग्रहाचा खरा फायदा. विशेषनामांसाठी 'वेदिक इंडेक्स' हा मॅकडोनेल आणि कीथ यांचा १९१२ चा दोन खंडांचा ग्रंथ तिथेच आहे. तो वेदातलं तेवढंच सांगतो, पुराणातलं त्यात मिसळत नाही. वेट्टम मणी यांचा पुराणकोशही आहे. वाचायला तो सगळ्यांत सोपा, पण निरनिराळ्या काळांतल्या कथा सलग गोष्टीसारख्या सांगतो, त्यामुळे कोणता भाग जुना आणि कोणता नंतरचा ते कळत नाही. गोष्टीसाठी तो चांगला, काळ ठरवायला नाही.

महाभारतासाठी सोरेन्सेनची नामसूची आहे, आणि इथे हमखास गोंधळ होतो. त्यातले आकडे कलकत्ता आणि मुंबई आवृत्त्यांना धरून आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ, १९१९ ते १९६६ या काळात, म्हणजे सूचीचं काम सुरू झाल्यावर कितीतरी वर्षांनी सिद्ध झाली, तेव्हा तिचे अध्याय आणि श्लोक या आकड्यांशी जुळत नाहीत. सूचीतला आकडा घेऊन चिकित्सक आवृत्ती उघडली तर भलताच प्रसंग समोर येतो. लोपामुद्रेची कथा चिकित्सक आवृत्तीत वनपर्वाच्या ९४ ते ९७ या अध्यायांत आहे. अगस्त्यांना खड्ड्यात उलटे लटकलेले पितर दिसतात, वंश चालवायला अगस्त्य निरनिराळ्या प्राण्यांतले उत्तमोत्तम अवयव घेऊन एक कन्या घडवतात आणि विदर्भाच्या राजाच्या घरी तिला वाढू देतात. म्हणजे कथेप्रमाणे ही विदर्भकन्या. मराठी घरात हे नाव परकं वाटायचं काही कारण नाही.

आता व्युत्पत्ती. संकेतस्थळांवर 'लोप + मुद्रा' अशी फोड देऊन मोकळे होतात. पण लोप आणि मुद्रा यांचा साधा समास 'लोपमुद्रा' होईल. मधला दीर्घ 'पा' त्यातून येत नाही. तो साधायचा तर 'लोपा + मुद्रा' किंवा 'लोप + आमुद्रा' अशी फोड करावी लागते. हे तपासायला संग्रहातले शब्दकल्पद्रुम आणि वाचस्पत्यम् हे संस्कृत-संस्कृत कोश उघडावेत, कारण परंपरेतली व्युत्पत्ती ते व्याकरणासकट देतात. प्राण्यांच्या सौंदर्यखुणा तिच्यात येऊन त्यांच्यापाशी लोप पावल्या, हे स्पष्टीकरण महाभारतातल्या कथेवरून मागाहून बसवलेलं दिसतं. ते गोड आहे, सांगायला हरकत नाही, पण शब्दाचा मूळ अर्थ म्हणून ते देऊ नये. घरातली वडीलधारी मंडळी 'नावात लोप कशाला?' असं विचारतात, तेव्हा हा दीर्घ 'पा' दाखवावा.

कोरं पान आलं तर तेही उत्तरच असतं. 'शनाया', 'कियारा' अशी नावं मोनियरमध्ये शोधली तर हाती काही लागत नाही. नाव आवडलं असेल तर खुशाल ठेवावं, पण त्याला जोडलेला 'संस्कृत अर्थ' बारशाच्या पत्रिकेत छापू नये.

या संग्रहाची मोठी उणीव म्हणजे मराठी. मराठमोळ्या जुन्या नावांसाठी त्याचा उपयोग नाही. त्यासाठी मोलस्वर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहावा. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा १९३२ चा प्राचीन चरित्रकोशही इथे नाही, आणि मराठी वाचकाला तोच सगळ्यांत जवळचा. वाचनालयात मिळाला तर वैदिक, पौराणिक व्यक्तींसाठी आधी तो उघडावा, इतका तो नीटस आहे.

लोकप्रियतेबद्दल या कोशांकडून अपेक्षाच नको. नावांच्या संकेतस्थळांवर लोकप्रियतेचे तारे किंवा टक्के दिसतात, पण ते कशावरून काढले हे लिहिलेलं नसेल तर ते धरू नयेत. मुलगी अमेरिकेत वाढणार असेल तर तिथल्या सोशल सिक्युरिटी खात्याच्या १८८० पासूनच्या याद्या खऱ्या मोजणीच्या आहेत. मात्र त्यांच्या शोध-चौकटीत पहिली हजार नावंच येतात, म्हणून दुर्मीळ नावासाठी वर्षवार फाइली उतरवून घ्याव्यात. एखाद्या वर्षी पाचपेक्षा कमी मुलींना दिलेलं नाव त्यांतूनही गाळलेलं असतं, आणि प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजलं जातं. आपल्याकडे लोपामुद्रा हे नाव बंगाल-ओडिशात जास्त कानावर पडतं. गायिका लोपामुद्रा मित्र बंगालच्या. मॉडेल लोपामुद्रा राऊत मात्र नागपूरच्या, थेट विदर्भातल्या.

नोंदीत चूक वाटली तर तिच्याजवळच्या पान क्रमांकावर टिचकी मारावी, मूळ छापील पानाचं चित्र उघडतं. टंकताना झालेली चूक असेल तर दुरुस्ती कळवायची सोय आहे. या शोधाला घाई करू नये. जन्माची नोंदणी नावाशिवाय करता येते, आणि नोंदणीपासून बारा महिन्यांत बाळाचं नाव विनाशुल्क घालता येतं. अर्ज भरताना फक्त 'लोपमुद्रा' झालेलं नाही ना, ते सही करण्याआधी पाहून घ्यावं. दाखल्यावर एक काना सुटला, तर पुढे शाळेपासून पासपोर्टपर्यंत तेच रूप चालत राहतं.