परिवेश पोर्टल : खिडकी एक, आत सरकारं दोन

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं ‘परिवेश’ पोर्टल १० ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालं आणि आता त्याची दुसरी आवृत्ती वापरात आहे. पर्यावरण, वन, वन्यजीव आणि किनारा नियमन क्षेत्र या चारही मंजुऱ्यांचे अर्ज इथे भरता येतात. अर्ज भरण्याची सोय म्हणून आम्ही पाचपैकी चार तारे देऊ. मंजुरी हातात पडल्यानंतरच्या कामासाठी मात्र दोनच, कारण तिथून पुढे राज्याचा कारभार सुरू होतो आणि तो या खिडकीतून दिसत नाही.

आधी फाइल कुठे जाते ते समजून घ्या. पर्यावरण मंजुरीच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत प्रकल्पांचे दोन गट केले आहेत. ‘अ’ गटाला दिल्लीतलं मंत्रालय मंजुरी देतं. ‘ब’ गटाला राज्यस्तरीय पर्यावरण प्राधिकरण, म्हणजे ‘सिया’, मंजुरी देतं आणि त्याआधी ‘सेक’ ही तज्ज्ञ समिती छाननी करते. अर्जाचा क्रमांक ‘एसआयए’ने सुरू झाला असेल तर फाइल राज्याकडे आहे, ‘आयए’ने सुरू झाला असेल तर दिल्लीला. पहिल्याच दिवशी हा क्रमांक तपासा. चुकीच्या ठिकाणी पडलेली फाइल परत येते, मुदत नव्याने मोजली जाते.

‘ब’ गटातला उद्योग किंवा खाण राज्याच्या सीमेपासून ५ किलोमीटरच्या आत आली, तर ती ‘अ’ गटात धरली जाते. शिरोळ, दोडामार्ग किंवा सिरोंचा परिसरातल्या मंडळींनी अर्जाआधीच नकाशावर हे अंतर मोजावं. दोन्ही राज्यांनी करार केला तर सीमेची अट शिथिल होऊ शकते, पण अभयारण्याच्या किंवा अतिप्रदूषित क्षेत्राच्या अंतराची अट त्याने सुटत नाही. आणखी एक अडचण म्हणजे ‘सिया’ राज्याच्या शिफारशीवर केंद्र नेमतं, तेही तीन वर्षांसाठी. मुदत संपून नवी नेमणूक रखडली की ‘ब’ गटाच्या फाइली केंद्राकडे जातात. समितीची मुदत कधी संपते हे पाहूनच अर्जाचं वेळापत्रक आखा.

बांधकाम प्रकल्पांत सर्वात जास्त चूक होते ती क्षेत्रफळात. मंजुरीची मर्यादा २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्राची आहे, एफएसआयची (चटई क्षेत्राची) नाही. तळघर, पोडियम पार्किंग, सेवा मजले, जिने, सगळं धरायचं. महापालिकेच्या नकाशावर एफएसआय १३,००० दिसतो आणि पार्किंगसह बेरीज २१,००० होते, असे प्रकल्प पुण्यात आणि ठाण्यात सहज सापडतील. याच मुद्द्यावरून पुण्यातल्या एका गृहप्रकल्पाला सर्वोच्च न्यायालयाने १०० कोटी रुपये किंवा प्रकल्पखर्चाच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती भरायला लावली. निकालाची तारीखही १० ऑगस्ट २०१८ च होती.

जागेची हद्द केएमएल फाइलने, म्हणजे संगणकीय नकाशावर आखून, द्यावी लागते. बहुभुज बंद झालेला असावा आणि त्याचं क्षेत्रफळ सातबाऱ्याशी जुळावं. रस्तारुंदीकरणात गेलेली जमीन वजा न केल्यामुळे इथे हटकून फरक पडतो. छाननीत पोर्टल ‘ईडीएस’ म्हणून त्रुटी कळवतं. उत्तर एकदाच द्या, पण पूर्ण द्या. अर्धवट उत्तराने फाइल पुन्हा रांगेच्या शेवटी जाते.

आता राज्याची बाजू. पाणी हा राज्याचा विषय आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ उभं केलं. केंद्राचा जल कायदा त्यानंतर, १९७४ मध्ये आला. म्हणून ईसी, म्हणजे पर्यावरण मंजुरी, मिळाली तरी मंडळाचं संमतीपत्र वेगळं लागतं आणि त्याचा अर्ज मंडळाच्या स्वतंत्र पोर्टलवर, भांडवली गुंतवणुकीच्या सीए प्रमाणपत्रासह भरावा लागतो. जल कायद्यातली २०२४ ची दुरुस्तीसुद्धा सुरुवातीला हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरतीच लागू झाली. इतर राज्यांना त्यासाठी विधिमंडळाचा ठराव लागतो. ‘ईसी असेल तर स्थापनेची संमती (बांधकामाआधीचं संमतीपत्र) नको’ ही बातमी वाचून निर्धास्त होण्याआधी आपल्या राज्यात काय लागू आहे ते मंडळाकडून लेखी घ्या.

दोन्ही अर्जांतले आकडे जुळणं फार महत्त्वाचं आहे. समजा २०० सदनिका आहेत. दर घरात ५ माणसं आणि माणशी १३५ लिटर धरलं, तर १३५ केएलडी, म्हणजे दिवसाला १३५ हजार लिटर, पाणी लागेल. सांडपाणी ८५ ते ९० टक्के धरलं की सुमारे ११५ ते १२२ केएलडी होतं. ईसीत हा हिशेब आणि संमतीच्या अर्जात १०० केएलडीचा एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प) लिहिला, तर कार्यान्वयनाच्या, म्हणजे वापर सुरू करण्याच्या, संमतीवेळी पाहणीत तो अडतो. टाकी बांधून झालेली असते, वाढवायला जागा उरलेली नसते आणि ताबा घ्यायला थांबलेली कुटुंबं ताटकळतात. एक तक्ता करून तोच दोन्हीकडे वापरा.

तारखाही वेगळ्या आहेत. ईसीच्या अटींचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला, मंडळाकडचं पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत.

उद्योगांना जनसुनावणी लागते (इमारतींना नाही). फाइल दिल्लीला असली तरी सुनावणी राज्याचं मंडळ घेतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो, किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. गावकऱ्यांनी आपलं म्हणणं लेखी देऊन त्याची पोच घ्यावी, कारण पुढची समिती इतिवृत्तच वाचते.

मंजुरी चुकीची वाटली तर ईसीविरुद्ध ३० दिवसांत थेट राष्ट्रीय हरित लवादाकडे जायचं. मंडळाने संमती नाकारली तर आधी राज्याच्या अपील प्राधिकरणाकडे, मुदत तीच.