शेअर्ड होस्टिंग, व्हीपीएस आणि मॅनेज्ड डेटाबेस : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

संकेतस्थळे चालवणारे लोक एकत्र आले की आपापल्या डेटाबेस सर्व्हरचे दोन आकडे हमखास सांगतात: सर्व्हर किती दिवस अखंड चालू आहे आणि दर सेकंदाला सरासरी किती क्वेरी (डेटाबेसला केलेल्या मागण्या) हाताळतो. पीएचपीमायअॅडमिन या डेटाबेस हाताळण्याच्या वेब-साधनाच्या स्टेटस पानावर हे दोन्ही आकडे आयते मिळतात, म्हणून तुलनाही त्यांचीच होते. लेख आणि चर्चाविभाग असलेले एक संकेतस्थळ गेल्या काही महिन्यांत मी क्रमाने शेअर्ड होस्टिंग (एकच सर्व्हर अनेक ग्राहकांत वाटलेला), स्वतःचा व्हीपीएस (मोठ्या यंत्रावरचा स्वतःपुरता आभासी सर्व्हर) आणि मॅनेज्ड डेटाबेस (कंपनीने सांभाळलेला डेटाबेस) अशा तीन व्यवस्थांमध्ये चालवले. डेटाबेस तिन्ही ठिकाणी मायएसक्यूएल या सॉफ्टवेअरचा होता आणि टेबलांची रचनाही तीच होती. त्या अनुभवावरून माझे असे मत झाले आहे की वाचकाला जाणवणारी गती आणि उपलब्धता या दोन आकड्यांतून जवळजवळ कळतच नाही.

मायएसक्यूएल जो अपटाइम दाखवतो, तो सर्व्हरची प्रक्रिया शेवटच्या वेळी सुरू झाल्यापासून गेलेल्या सेकंदांचा हिशेब असतो. सुरक्षा-सुधारणा बसवण्यासाठी सर्व्हर शिस्तीने रीस्टार्ट केला तरी तो शून्यावर येतो; उलट डिस्क भरल्यामुळे लेखन तासभर अडून राहिले तरी तो वाढतच असतो. दोनशे दिवसांचा अपटाइम अभिमानाने सांगणारा चालक दोनशे दिवस सर्व्हरची आवृत्ती अद्ययावत न केल्याचेही सांगत असतो, हे सहसा कोणी त्याच्या लक्षात आणून देत नाही. सरासरी क्वेरींचा आकडा एकूण क्वेरींना याच सेकंदांनी भागून येतो. त्यामुळे सर्व्हर जितका जास्त काळ चालू, तितकी संध्याकाळची गर्दी त्या सरासरीत विरून जाते. शिवाय मोठा आकडा म्हणजे चांगला सर्व्हर, असेही नाही. कॅशिंग (तयार पाने साठवून पुन्हा देण्याची सोय) नीट नसलेले संकेतस्थळ एका पानासाठी शंभर क्वेरी करत असेल, तर त्याचा आकडा नीट बांधलेल्या संकेतस्थळापेक्षा अर्थातच मोठा दिसतो.

कंपन्यांच्या हमीपत्रातील टक्केवारी आधी वेळेत मांडून पाहावी. 99.9 टक्के म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात सुमारे 43 मिनिटे आणि वर्षभरात पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा. 99.99 टक्क्यांना तीच मुभा महिन्याला सव्वाचार मिनिटांच्या आसपास येते. पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल बहुतेक करारांमध्ये या हिशेबातून वगळलेली असते. दर पाच मिनिटांनी मुखपृष्ठ तपासणारी देखरेखसेवा चार मिनिटांचा खंड सहज चुकवू शकते, आणि मुखपृष्ठ कॅशमधून जात असेल तर डेटाबेस पूर्ण बंद असतानाही सारे आलबेल असल्याचा अहवाल येतो. म्हणून मी एक वेगळे छोटे पान तयार केले, जे कॅश टाळून डेटाबेसमधून एक ओळ वाचते आणि एक ओळ लिहिते. त्याचा प्रतिसादकाल मी दर मिनिटाला नोंदवू लागलो आणि सरासरीऐवजी सर्वांत संथ एक टक्का प्रतिसादांकडे पाहू लागलो. पुढची सारी निरीक्षणे त्याच नोंदींवर आधारलेली आहेत.

शेअर्ड होस्टिंगबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एरवी ते अपेक्षेपेक्षा चांगले चालले, पण एकाच सर्व्हरवरील दुसऱ्या कोणाची जड क्वेरी किंवा रात्रीचे बॅकअप सुरू झाले की माझ्या पानाचा प्रतिसाद कित्येक पटींनी लांबत असे. कारण शोधण्याचे साधन माझ्या हाती नव्हते. सेटिंग्ज बदलता येत नव्हत्या आणि स्लो क्वेरी लॉग, म्हणजे संथ क्वेरींची नोंदवहीही उघडता येत नव्हती.

व्हीपीएसवर आल्यावर खरा फरक दिसला. इनोडीबी या मायएसक्यूएलच्या साठवण-यंत्रणेचा बफर पूल (डेटा मेमरीत धरून ठेवण्याची जागा) मुळात 128 मेगाबाइटचा असतो. माझा डेटा आणि इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) मिळून त्याच्या अनेक पट होते. पूल वाढवल्यावर डिस्कवरील वाचन जवळजवळ थांबले आणि संथ प्रतिसादांची संख्या एकदम घटली. फक्त डेटाबेससाठी राखलेल्या यंत्रावर सत्तर-ऐंशी टक्के मेमरी पूलला देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण वेब सर्व्हर आणि पीएचपी (संकेतस्थळाची पाने तयार करणारी प्रणाली) त्याच यंत्रावर असतील तर तो आत्मघातकी ठरतो. मेमरी संपली की लिनक्स एखादी प्रक्रिया मारून जागा करते, आणि सर्वाधिक मेमरी धरून बसलेला बहुधा डेटाबेसच असतो. त्याच कारणासाठी मी पूल निम्म्या मेमरीपुरताच ठेवला आणि पीएचपीच्या प्रक्रियांनाही मर्यादा घातली.

स्लो क्वेरी लॉगने तर हार्डवेअर वाढवण्याचा विचारच मागे टाकला. हा लॉग मुळात बंद असतो आणि चालू केला तरी त्याची मर्यादा दहा सेकंदांची असते, जी संकेतस्थळासाठी निरुपयोगी आहे. ती अर्ध्या सेकंदावर आणल्यावर बहुतेक विलंब चर्चाविभागातील एकाच यादीमुळे होतो हे दिसले. तिथे विभाग आणि दिनांक या दोन स्तंभांवर मिळून एक इंडेक्स घालताच ती क्वेरी लॉगमधून नाहीशी झाली. यंत्र दुप्पट क्षमतेचे घेतले असते तरी इतका लाभ झाला नसता.

व्हीपीएसची दुसरी बाजू अशी की प्रोसेसर तिथेही वाटूनच मिळतो. लिनक्सच्या टॉप या आज्ञेत दिसणारा स्टील टाइम (प्रोसेसर मिळण्याची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेची टक्केवारी) सतत दोन आकडी राहू लागला तर सेटिंग्ज बदलून उपयोग नसतो. यजमान यंत्रावरच गर्दी झालेली असते. आणखी एक गोष्ट आकड्यांत कुठेच येत नाही: रीस्टार्टनंतर सर्व्हर 'चालू' असला तरी रिकाम्या बफर पूलमुळे काही काळ संथ असतो. 5.7 आवृत्तीपासून मायएसक्यूएल व्यवस्थित बंद होताना पूलमधील पानांची यादी जपून ठेवतो आणि सुरू झाल्यावर ती पाने पुन्हा भरतो. अचानक कोसळलेल्या सर्व्हरला यादी करायला सवडच मिळत नाही, त्यामुळे नियोजित आणि अनियोजित रीस्टार्ट यांत वाचकाला बराच फरक जाणवतो.

मॅनेज्ड डेटाबेसमध्ये बॅकअप, आवृत्तीबदल आणि मुख्य सर्व्हर पडल्यास राखीव प्रतीवर जाण्याची सोय कंपनीकडे असते, आणि झोपेच्या दृष्टीने तिचे मोल मी कमी लेखणार नाही. पण डेटाबेस वेगळ्या यंत्रावर गेल्याने प्रत्येक क्वेरीला नेटवर्कचा फेरा पडतो. एक फेरा एक मिलिसेकंदाचा धरला तरी एकापाठोपाठ एक चाळीस क्वेरी करणाऱ्या पानात चाळीस मिलिसेकंदांची भर पडते. माझे पान सरासरीने किंचित संथ झाले, मात्र सर्वांत संथ एक टक्का प्रतिसाद व्हीपीएसपेक्षा अधिक स्थिर राहिले. राखीव प्रतीवर जाण्याची चाचणी मी मुद्दाम करून पाहिली, तेव्हा खंड मिनिटभरातच संपला. पण जुनी जोडणी धरून बसणारा कार्यक्रम आपणहून पुन्हा जोडला जात नाही. ती पुनर्जोडणी आपल्या कोडमध्ये लिहावीच लागते.

मायएसक्यूएल सोडून पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर जावे का, असेही विचारले जाते. मी ते एका लहान संकेतस्थळासाठी वापरतो आणि गुंतागुंतीच्या अहवालांसाठी मला ते अधिक आवडते. पण त्यात प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रक्रिया उभी राहते, म्हणून जोडण्या भरपूर असतील तर पुढे पीजीबाउन्सरसारखा पूलर (मोजक्या जोडण्या अनेकांत वाटून देणारे साधन) हवा, आणि सतत बदलणाऱ्या टेबलांवर ऑटोव्हॅक्यूम (निकामी झालेल्या जुन्या ओळी आपोआप साफ करणारी यंत्रणा) मागे पडत नाही ना हे पाहावे लागते.

सध्या चर्चाविभाग मॅनेज्ड डेटाबेसवर आहे, कारण तिथे दर मिनिटाला लेखन होते आणि गमावलेली नोंद परत मिळवता येत नाही. लेख व्हीपीएसवरच ठेवले आहेत; ते बहुतांश कॅशमधून जातात आणि रात्रीच्या बॅकअपमधून पूर्ण उभे करता येतात. ते दर महिन्याला वेगळ्या यंत्रावर उभे करून मी त्याला किती वेळ लागला हे नोंदवतो, आणि आता कोणी अपटाइम विचारला तर हाच आकडा सांगतो.