केळीवाल्या घरासाठी ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) घ्यावा का? वापरून सांगतेय

ज्यांच्या घरी केळी डझनाने नाही तर घडाने येतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं माहेर सावद्याकडचं, राहते जळगावला, आणि कापणी झाली की भाऊ गाडीत घड टाकूनच पाठवतो, चार माणसांना एवढं लागत नाही हे त्याला कितीही सांगा. घडाचं असं आहे की एका फणीला रंग चढला की बाकीच्या पाठोपाठ, कारण केळं पिकताना इथिलीन वायू सोडतं आणि त्यानेच शेजारचं पिकायला लागतं, त्यात मे महिन्यात आपल्याकडचं ऊन ४५ च्या घरात, बघता बघता सालं काळी. शिकरण किती खाणार? शेजारी द्यावीत तर त्यांच्याकडेही कोणाच्या तरी बागेतून आलेलीच असतात.

तर अशा घरात पिकलेल्या केळ्यांचे केक करायला ओटीजी घ्याच, हे माझं स्पष्ट मत. आमचा ३० लिटरच्या आसपासचा आहे, साडेपाच हजाराला पडला. कंपनीचं नाव देत नाही कारण या साईजमध्ये बहुतेकांची रचना तीच असते, वर रॉड, खाली रॉड, तीन बटणं (टेंपरेचर, कुठला रॉड चालू ठेवायचा ते, आणि टायमर), एक जाळी, एक ट्रे आणि खाली चुरा पडायचा पत्रा. आधी मी केक कुकरमध्ये तळाशी मीठ घालून करायची, शिट्टी आणि रिंग काढून. केक होतो, नाही असं नाही, पण खालून कडक आणि वरून पांढरट राहतो कारण वरून आच नसतेच, आणि एका वेळी एकच डबा. साध्या मायक्रोवेव्हमध्ये तर वरचा रंगच येत नाही. ओटीजीत ब्रेडचे दोन लांबट टिन शेजारी शेजारी बसतात आणि एका दमात आठ-दहा केळी मार्गी लागतात. आमच्यासाठी हाच मुद्दा सगळ्यात मोठा.

काळं केळं फेकायचं नसतं हे मला बेकिंगने नाही शिकवलं, ते घरातच होतं. लहानपणी व्यापारी बाग बघायला आला की बाबा आधी बऱ्हाणपूरच्या केळीबाजाराचा भाव काय निघाला ते विचारायचे, मग नवतीचा (नव्या लागवडीच्या केळीचा) भाव वेगळा, पिलबागचा (खोडव्याच्या केळीचा) वेगळा, वापसीचा (नाकारलेल्या मालाचा) आणखी खाली, आणि वापसीतही जे बसायचं नाही ते टोपलीतून घरी यायचं. आम्ही पोरं घड उचलायला मध्ये मध्ये करायचो आणि फ्रॉकवर चिकाचे डाग घेऊन यायचो, ते डाग कशानेच जात नाहीत, तपकिरी होऊन कायमचे बसतात, त्यामुळे बागेत जायचे कपडे वेगळे ठेवलेले असायचे. घरी आलेल्यातली पार मऊ झालेली केळी आजी परातीत घ्यायची, गूळ हाताने फोडून त्यात, मग मावेल तेवढी कणीक, थोडी बडीशेप, आणि चुलीवरच्या कढईत गुलगुले. पाणी अजिबात नाही, केळ्याच्या ओलाव्यातच पीठ भिजायचं. उरलेली आणि सालं गुरांना. गोठ्यातली म्हैस टोपलीचा आवाज ओळखायची.

आणि भट्टी पण आपल्याला नवीन नाही बरं का. दिवाळीच्या आधी मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा असं सगळं डब्यात भरून बेकरीवर न्यायचं, तिथे नानकटाई पाडायची, आपल्या पत्र्यावर आपल्या नावाची चिठ्ठी, आणि नंबर यायला कधी कधी रात्रीचे अकरा. भट्टीतून लांब दांड्याने पत्रे ओढायचे ते बघायला मी माय बरोबर जायचीच जायची. घरी येईपर्यंत डबा गरम असायचा, झाकण उघडायला बंदी. त्यामुळे आमच्या सासूबाईंनी ओटीजी बघितला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की अगं ही तर घरातली भट्टी, आणि लगेच खुर्ची ओढून केळी कुस्करायला बसल्या. आता ते काम त्यांचंच आहे. मिक्सर लावू देत नाहीत, काट्याने कुस्करतात, आणि त्यांचं बरोबर आहे, मिक्सरने गर पार पातळ होतो, काट्याने थोडे तुकडे राहतात ते भाजल्यावर खाताना लागतात. टिनला तेल लावून कणीक भुरभुरवणं मुलाकडे. मुलगी टायमरसमोर बसते.

केकचं प्रमाण असं : सालं काळी पडलेली चार मध्यम केळी, दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी किसलेला गूळ, अर्धी वाटी तेल, पाव वाटी दही, एक लहान चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ, वरून शेंगदाण्याचा जाडसर कूट. गूळ एवढा कमी का, तर हिरव्या केळ्यात स्टार्च २० टक्क्यांच्या आसपास असतो आणि पूर्ण पिकेपर्यंत तो जवळपास सगळा साखरेत बदलतो, गोडी केळ्यातच असते. पिवळंधमक घट्ट केळं घेतलंत तर ना गोडी येणार ना वास. इसेन्स तर घालूच नका, आपल्या केळ्याला गरज नाही, जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय ते उगाच नाही. दही घातलं की सोडा लगेच कामाला लागतो, म्हणून ओटीजी आधी दहा मिनिटं तापवून ठेवायचा आणि मिश्रण झालं की लगेच आत, भांडं ओट्यावर ठेवून फोनवर बोलत बसायचं नाही. १७० वर ५० ते ५५ मिनिटं. वरून मधोमध लांब चीर पडते, चिरेच्या कडा गडद होतात, आणि कापल्यावर आत केळ्याचे बारीक काळे धागे दिसतात. सुरी खुपसून कोरडी आली की बाहेर. आणि पूर्ण गार झाल्यावरच कापा, पोरं कितीही मागे लागली तरी, गरम असताना आतून चिकट लागतो.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पहिली आणि मोठी, बटणावर जे टेंपरेचर लिहिलंय ते आत नसतं. वेगळा थर्मामीटर आत ठेवून बघितला तर १८० वर बटण असताना आत १६० च्या आसपास. सर्व्हिसवाल्याला बोलावलं तर तो म्हणाला एवढं चालतं, आणि गेला. मला हे पटलेलं नाही, साडेपाच हजार घेता तर बटण तरी खरं बोललं पाहिजे. थर्मामीटर तीन-चारशेला मिळतो, ओटीजी घेतानाच घ्या. दुसरी, मागच्या बाजूला आच जास्त लागते, अर्ध्या तासाने टिन फिरवावा लागतो, पण त्याआधी दार उघडायचं नाही नाहीतर केक मध्ये खाली बसतो. बाहेरचा पत्रा चांगलाच तापतो, लहान पोरं असतील तर ओट्यावर मागे सरकवून ठेवा पण भिंतीला चिकटवू नका. वायर आखूड आहे आणि प्लग जाड पिनचा, १६ अँपियरचा, जुन्या घरात स्वयंपाकघरात तसा सॉकेट नसतो तेव्हा आधी ते बघा, एक्स्टेंशनवर चालवू नका.

लाईटबिलाची भीती मात्र नको. १५०० वॅटचा आहे, सलग तासभर चालला तरी दीड युनिट, आणि तापला की रॉड बंद-चालू होत राहतो त्यामुळे तेवढंही जात नाही. मध्येच लाईट गेली तर दार उघडू नका, आतली गरमी थोडा वेळ टिकते, लाईट आल्यावर उरलेली मिनिटं द्या.

शहाद्याहून नणंद पपई पाठवते, ती जास्त पिकलेली पपईपण यात होते, फक्त गर आधी कढईत आटवून घ्यायचा, नाहीतर केक पाणचट होतो. चिकूचा छान होतो, गूळ आणखी कमी.

ज्यांच्या घरी आठवड्याला अर्धा डझन केळी येतात त्यांनी एवढा मोठा घेऊ नका, १६-१८ लिटरचा पुरेल. मोठा घेणार असाल तर दुकानात जाताना आपले दोन्ही टिन पिशवीत घालून न्या आणि तिथेच आत ठेवून दार लागतंय का बघा, डब्यावर लिहिलेल्या लिटरवरून ते कळत नाही.