प्लेलिस्टची यादी की गाण्यांच्या फाइली?

पंचवटीतल्या आमच्या घरी बाबांनी जमवलेले अभंग लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर घ्यायचे होते, त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर गाडीत ऐकायला. दोन मार्ग होते.

पहिला, प्लेलिस्ट एम३यू म्हणून एक्स्पोर्ट करणे. क्षणात होते, क्रमही टिकतो. पण ही फाइल म्हणजे नुसता मजकूर: कुठलं गाणं कुठल्या फोल्डरात आहे, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. गाणी त्यात नसतात. पत्ता लॅपटॉपचा असेल तर गाडीत काहीच वाजणार नाही. फाइलींची नावं देवनागरीत असतील तर एम३यू८ निवडा. ती यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपींची अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत असते, अक्षरं बिघडत नाहीत.

दुसरा, प्लेलिस्टमधली गाणी निवडून सरळ पेनड्राइव्हवर कॉपी करणे. वेळ आणि जागा दोन्ही जास्त लागतात, क्रमही मोडतो. म्हणून मी नावांआधी ००१, ००२ असे आकडे घातले. काकड आरतीचे अभंग आधी आणि भैरवी शेवटी, हा बाबांचा क्रम मला मोडायचा नव्हता.

स्ट्रीमिंग ॲपमधली डाउनलोड मात्र कुलूपबंद असतात, ती अशी कॉपी करून वाजत नाहीत.

नवा लॅपटॉप घेताना फोल्डर जसेच्या तसे हलवणार असाल तर यादी पुरते. गाडीसाठी आणि जपून ठेवण्यासाठी मी फाइलीच घेईन.