घरी मावशी, वृद्धाश्रम की नर्सिंग केअर? सांगली-मिरजेत स्वतःच्या पैशाने ठरवताना

दर विचारण्याआधी एक गोष्ट बघा. रात्री दोन वाजता लघवीला लागली तर आई किंवा अण्णा स्वतः उठून जातात का? जात असतील तर तिन्ही वाटा मोकळ्या आहेत. नसतील तर साधा वृद्धाश्रम बाजूला ठेवा. बरेच वृद्धाश्रम चालत्या-फिरत्या माणसालाच घेतात, आणि तो पुढे अंथरुणाला खिळला की घरी न्यायला सांगतात. ही अट प्रवेश अर्जात असते, पण वाचतो कोण?

दोघांपैकी एक धडधाकट असेल तर माझं मत घरच्या मावशीला, म्हणजे सांभाळायला पगारावर ठेवलेल्या बाईला. भाकरी आपल्या पद्धतीची, खाट आपली, शेजारचे येऊन बसतात. पण अशा बायका पुरवणाऱ्या ब्यूरोची चोवीस तासांची मावशी म्हणजे चोवीस तास जागी मावशी नव्हे. तीही रात्री झोपणारच. दिवाळीला, गावच्या जत्रेला ती जाणार, आणि बदली बाई येईलच याचा भरवसा नाही. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरात असेल तर फोनवरून हे सगळं सांभाळणं अवघड. पूर्ण झोपून असलेल्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. ऐंशी किलोचं अंग वळवणं एकट्या बाईच्या आवाक्यातलं नाही. दोन माणसं ठेवली की घरचा खर्चही नर्सिंग केअर केंद्राच्या फीला भिडू शकतो.

नाकातून नळी, लघवीची पिशवी, अर्धांगवायू, वाढलेला स्मृतिभ्रंश असेल तर नर्सिंग केअरच. इथे मिरज जवळ असणं मोठी सोय आहे. १८९४ पासून, म्हणजे मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांच्या हॉस्पिटलपासून, ते दवाखान्यांचं गाव आहे. तरी पाटीवर 'नर्सिंग' लिहिलं म्हणून खरं मानू नका. रात्रपाळीला शिकलेली नर्स असते की नुसती आया, हे विचारा. सकाळी अकराला ऑफिसात चहा घेऊन परतू नका. संध्याकाळी जेवणाच्या वेळी जा. भरवणारी बाई घास गिळेपर्यंत थांबते का, ते बघा. आत आणखी कुणाला बेडसोर, म्हणजे झोपून झोपून होणाऱ्या जखमा, आहेत का, हे सरळ विचारा. आपला पेशंट ठेवलात तर भेटीला गेल्यावर टाचा आणि माकडहाड स्वतः उघडून बघायचं, लाजायचं नाही.

आणि खोली कुठल्या मजल्यावर? २००५, २०१९, २०२१ ला कृष्णेचं पाणी सांगली शहरात शिरलं होतं. नदीकाठचा तळमजला कितीही स्वस्त मिळो, झोपून असलेल्या माणसाला तिथे ठेवू नये.

आता पैसा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख ठेवले तर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० येतात. ही फूटपट्टी धरा. निवृत्त शिक्षकाचं पेन्शन वेगळं आणि साखर कारखान्यातल्या कामगाराचं ईपीएस-९५, म्हणजे पीएफ खात्याचं पेन्शन, वेगळं. त्याची किमान रक्कम २०१४ पासून महिन्याला हजारावरच आहे. सत्तरीपुढचं आयुष्मान कार्ड वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं, केंद्राच्या महिन्याच्या फीला नाही. फी सांगतात त्यात डायपर, फिजिओ, धुणं, डॉक्टरची फेरी धरली आहे का, हे लेखी घ्या.

एकरकमी 'आजीव' रक्कम, म्हणजे शेवटपर्यंत सांभाळायचे सगळे पैसे आधीच, मागत असतील तर मी तरी देणार नाही. महिन्याने द्या, अनामत किती दिवसांत परत मिळते ते करारात घाला. सांभाळतो म्हणणाऱ्या नातेवाइकाला घर बक्षीसपत्राने द्यायचं ठरलं, तर सांभाळण्याची अट त्या कागदातच लिहा. मग तो फिरला तर आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली प्रांतांकडच्या न्यायाधिकरणात बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसली तर तिथे भांडण लांबतं. अडलं तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.