चष्मा, कुड्या आणि हेडफोन

माझ्या कानांवर आधीच बरीच गर्दी आहे. जाड काड्यांचा चष्मा, मोत्याच्या कुड्या, त्या कुड्यांच्या मागच्या फिरक्या, आणि मागे क्लचरमध्ये कसेबसे कोंबलेले केस. अशा डोक्यावर हेडफोन चढवायचा, तोही रोज. ठाणे ते घणसोली लोकलमध्ये, आणि मग ऑफिसात रेकॉर्डिंग ऐकून मजकूर टाइप करताना जवळजवळ दिवसभर. कानात खुपसायचे इअरबड मला सोसत नाहीत, तासाभरात कान ठणकतो. त्यामुळे कान पूर्ण झाकणारा, ओव्हर-इअर, एवढं नक्की होतं. शेवटी सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन घेतला, आणि तो का घेतला ते जरा सविस्तर सांगते, कारण बाकीचे रिव्ह्यू बेसवरच अडकून बसतात.

खरेदीला भाच्याला नेलं होतं. तो घरूनच अभ्यास करून, तक्ता बनवून आला होता. "मावशी, ड्रायव्हर चाळीस एमएमचा बघ. आणि एलडॅक नसेल तर घेऊच नकोस." (ड्रायव्हर म्हणजे आतला छोटा स्पीकर, आणि एलडॅक म्हणजे ब्लूटूथवरून आवाज जास्त बारकाव्यांसह पाठवायची एक पद्धत.) मी दुकानातल्या मुलाला वजन विचारलं. बॅटरी, बेस, ईएमआय सगळं त्याला तोंडपाठ होतं, वजनासाठी मात्र बिचाऱ्याने खोका उलटासुलटा करून पाहिला आणि मग फोनवर शोधलं. सीएच७२०एन १९२ ग्रॅम. त्याच कंपनीचा वरचा, २०२२ साली आलेला डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ २५० ग्रॅम. ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स तर ३८५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे माझ्यावाल्याच्या जवळजवळ दुप्पट. हातात घेऊन हे फरक किरकोळ वाटतात. डोक्यावर चढवून, मान खाली घालून दोन-तीन तास टायपिंग केलं की टाळूच्या मधोमध एक जागा दुखायला लागते, तेव्हा पन्नास-साठ ग्रॅम म्हणजे काय ते कळतं.

पण नुसतं वजन बघूनही भागत नाही. हलका हेडफोन डोक्यावरून घसरू नये म्हणून त्याचा दाब वाढवलेला असेल तर चष्मेवाल्यांची पंचाईत होते. इअरपॅड, म्हणजे कानाभोवतीची गादी, चष्म्याची काडी कानशिलावर दाबतो, आणि कानाचा वरचा भाग काडी नि हाड यांच्यात चिमटला जातो. पहिली दहा मिनिटं काहीच जाणवत नाही, म्हणून दुकानात सगळेच हेडफोन छान वाटतात. मी तिथे चष्मा न काढता, कुड्या न काढता, एकेक घालून बराच वेळ उभी राहिले. मान खाली, मान वर, जबडा हलवून बघ, उगाच काहीतरी बोल. भाचा लांब जाऊन टीव्ही बघायला लागला. कुडीची फिरकी हे तर वेगळंच प्रकरण. इअरपॅड उथळ असला तर तो कानाची पाळी मागे रेटतो आणि फिरकी कानामागच्या हाडात टोचते. महागातल्या महाग हेडफोनच्या खोक्यावर याबद्दल अवाक्षर नसतं. सीएच७२०एनचा दाब मला बेताचा वाटला, कान आत मोकळा बसतो. फिरकी लांब असेल तर अगदीच टेकत नाही असं नाही, पण दुपारपर्यंत आठवण येत नाही. मोठ्या झुमक्यांसकट कोणताही ओव्हर-इअर आरामात बसेल अशी आशा मात्र करू नका.

काडीचा आणखी एक उपद्रव. हे हेडफोन बाहेरचा आवाज मारतात, म्हणजे बाहेरचे माइक आवाज पकडतात आणि आत त्याच्या बरोबर उलटी लहर सोडतात, दोन्ही एकमेकींना खातात. ही करामत खालच्या, एकसुरी आवाजांवर चांगली चालते: पंखा, एसी, गाडीच्या मोटरचा गुंगाट. पण काडीमुळे इअरपॅड आणि कातडी यांच्यात फट राहिली की खालचे आवाज त्या फटीतून आत येतात, आणि गाण्यातला बेसही तिथूनच निसटतो. चष्मा बारीक धातूच्या काडीचा असेल तर फरक पडतो. मी पुढच्या नंबरला फ्रेम बदलणार आहे, हेडफोन नाही.

लोकलमध्ये काय होतं? लेडीज डब्यात डोक्यावरच्या पंख्यांचा घरघराट जवळजवळ गायब. "टिकल्या घ्या, पिना घ्या, दहाला दोन" मात्र नीट ऐकू येतं, कारण माणसाचा आवाज एकसुरी नसतो आणि तो जास्त वरच्या पट्टीतला असतो. मला ते बरंच वाटतं. स्टेशन आलं की बटण दाबून बाहेरचे आवाज आत घ्यायचे, आणि फलाटावर उतरताना तर हेडफोन गळ्यातच. कप आडवे फिरतात म्हणून छातीवर सपाट बसतो, हनुवटीला लागत नाही. सगळी कामं खऱ्या बटणांनी होतात हेही मला आवडलं. उन्हात मी ओढणी डोक्यावरून घेते. स्पर्शाने चालणाऱ्या कपावर ओढणी घासली की गाणी आपली आपणच बदलतील.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही. बोलणं स्पष्ट, माझ्या कामाला तेच लागतं. गाणी रोजच्या ऐकण्याला उत्तम. एलडॅक यात खरंच नाही, ब्लूटूथच्या एसबीसी आणि एएसी या नेहमीच्या पद्धती आहेत. पण माझा फोन म्हणजे दिरांनी वापरून दिलेला आयफोन, आणि आयफोनमध्ये एलडॅक मुळात चालतच नाही. हे ऐकल्यावर भाच्याचा निम्मा तक्ता निकालात निघाला. लॅपटॉप आणि फोन दोन्ही एकाच वेळी जोडता येतात. ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरला ब्लूटूथ नाही, त्याला सोबतची साडेतीन एमएमची वायर लावते. बॅटरी आवाज मारणं चालू ठेवून ३५ तास असं कंपनी सांगते. मला चार्जरची आठवण आठवड्याच्या शेवटी होते, एवढं पुरे.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. हा घडी होत नाही, कप फक्त सपाट होतात, त्यामुळे पर्समध्ये जागा बरीच खातो. सोबत ठेवायची केसही येत नाही. घडी हवी असेल तर त्याच कंपनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ किंवा २०२५ चा एक्सएम६ बघा, दोन्ही २५४ ग्रॅम. माझा दहा हजारांच्या आत आला, एक्सएम६ ची किंमत त्याच्या दुपटीहून बरीच वर आहे, तेव्हा मी केसची तक्रार तिथेच सोडली.

आणि घाम. मे महिन्यात ठाण्यात कोणताही ओव्हर-इअर कानाभोवती ओला होतो, त्याला इलाज नाही. या इअरपॅडचं चामडं कृत्रिम असतं. दमट हवा, घाम आणि केसांचं तेल मिळून ते हळूहळू सोलवटतं. माझ्या आधीच्या, दुसऱ्याच कंपनीच्या हेडफोनचे काळे पापुद्रे गालाला आणि पांढऱ्या कुर्त्याच्या कॉलरला चिकटायचे. आता घरी आल्यावर सुक्या मऊ फडक्याने पुसून उघड्यावर ठेवते, लगेच पिशवीत कोंबत नाही. घेण्याआधी त्या मॉडेलचे सुटे इअरपॅड मिळतात का तेवढं विचारून ठेवा. आणि पाणी चालेल असं कुठलंही रेटिंग याला नाही. जूनपासून माझा प्रवास छत्रीसकट असतो, तेव्हा हा झिपच्या प्लास्टिक पिशवीत जातो आणि गाडीत बसल्यावरच बाहेर येतो.